मनुका गुरुवारी रात्री भिजत घाल

प्रिय बाळा,

शालोम.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. शुक्रवारच्या जेवणाला, सगळ्यांदेखत, "तुझी आई ज्यू नाही म्हणजे तूही नाहीस" असं त्या मुलानं म्हणावं आणि तू भरल्या ताटावरून उठावंस! "मावशी, मग मी कोण?" असं तू विचारलंस. एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता.

आधी कडू ते सांगते. तो मुलगा खोटं बोलला नाही. हलाखा, म्हणजे आपलं धर्मशास्त्र, ज्यूपण आईकडून येतं असं मानतं. सनातनी मंडळी त्यावरून तसूभर हलणार नाहीत आणि त्यांच्याशी भांडून तुझ्या हाती काही लागणार नाही. पण तू लिहितोस, त्याच टेबलावर एका रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी पंथाच्या, घरातली मुलगी होती. तिच्या पंथानं अमेरिकेत १९८३ साली ठरवलं की बाप ज्यू असला आणि मूल ज्यू म्हणून वाढलं, तर ते ज्यू. तिच्या लेखी तू आमच्यातलाच. रशियाहून आलेल्या कुटुंबातला तुझा मित्र आहे ना, त्याच्या आजोबांना विचार. सोव्हिएत पासपोर्टात राष्ट्रीयत्वाचा पाचवा रकाना असायचा, त्यात 'ज्यू' लिहिलेलं असायचं. प्रार्थनेचा एक शब्द येत नसला तरी त्या रकान्यापायी नोकऱ्या अडायच्या. त्यांच्यासाठी ज्यू असणं हे देवाचं नव्हे, सरकारनं मारलेल्या शिक्क्याचं काम होतं. आणि इस्रायलचा कायदा बघ: १९७० च्या दुरुस्तीनंतर एक आजोबा ज्यू असले तरी नातवाला तिथं येऊन राहायचा हक्क आहे, पण तोच नातू लग्नाला उभा राहिला की रब्बी, म्हणजे धर्मगुरू, त्याच्या आईची चौकशी करतात. विमानतळावर एक व्याख्या, मांडवात दुसरी.

आता आपल्याकडचं, म्हणजे आपल्या बेने इस्राएलांचं, कोकणातल्या ज्यूंचं. हे मला जास्त बोचतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही कथा तू लहानपणापासून ऐकलीस. पुढं त्यांची पोरं कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू विसरले, ग्रंथ हरवले. उरलं काय? शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवार, आणि खवल्यांच्या माशाखेरीज मासा न खाणं. तेवढ्यावर त्यांनी कित्येक पिढ्या काढल्या. कुणा रब्बीनं दाखला दिला नव्हता.

पुढं मुंबईत बगदादी ज्यू आले. ते स्वतः बगदादच्या पाशाच्या, म्हणजे सुभेदाराच्या, जाचातून पळून आलेले. त्यांनी १८३६ साली सरकारकडे अर्ज केला, की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घाला. मेलेल्या माणसांमध्ये भिंत! आणि आपण तरी काय केलं? आपल्यातच 'गोरे' आणि 'काळे' असे तट होते. ज्यांच्या घराण्यात कधी बाहेरची बाई आली ते काळे, त्यांच्याशी सोयरीक नाही. माझ्या आजीच्या तोंडून हे शब्द मी ऐकलेत, आणि ती फार मायाळू बाई होती. मग १९६२ साली इस्रायलच्या रब्बींनी सूचना काढली की लग्नाला आलेल्या बेने इस्राएल माणसाच्या आईची, आजीची चौकशी करावी. आता काळे आपण सगळेच झालो. १९६४ मध्ये आपली माणसं जेरुसलेमला रस्त्यावर बसली, क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, त्यांच्या बाजूनं ठराव केला, तेव्हा कुठं त्या सूचनेतून आपलं नाव गेलं. वीसेक वर्षांनी इथिओपियाहून आलेल्यांना धर्मविधीची डुबकी घेऊन नव्यानं ज्यू व्हायला सांगितलं, तेव्हा तेही असेच रस्त्यावर आले. ज्याला दाराबाहेर उभं केलं, तो आत आला की पुढच्याला उभं करतो. तुला ज्यानं हटकलं त्याच्या पणजोबांनाही कुणीतरी, कुठंतरी हटकलेलं असेल. त्याच्याबद्दल मनात अढी ठेवू नकोस.

तुझी आई लग्न होऊन ठाण्याला आली ती कऱ्हाडची. पहिल्या शुक्रवारी माझ्याकडे किद्दुशचं, म्हणजे शुक्रवारच्या आशीर्वादाचं, सरबत शिकायला आली. भिजलेल्या काळ्या मनुका मुठीत घेऊन अशा जोरानं पिळल्या, की रस थेट माझ्या भिंतीवर. तो डाग रंगाऱ्यानं पुसेपर्यंत होता. "काकू, शब्द चुकले तर चालतं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आपल्या पूर्वजांचे तर सगळेच चुकले होते. तेव्हापासून दिव्याचा पेला, त्यात पाणी, वर खोबरेल, वात, हे तिनं एक शुक्रवार चुकवलं नाही. बिरड्याच्या सणाला वाल सोलते, नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटते, तोही नारळाच्या दुधात, मटणावर खाता यावा म्हणून; मांसाबरोबर जनावराचं दूध आपल्याला वर्ज्य. हे सगळं शास्त्राच्या तराजूत बसत नाही, मला माहीत आहे. पण तू ज्यू आहेस असं तुला वाटतं ते कुणामुळे, हे स्वतःला नीट विचार.

आता करायचं काय. शास्त्राप्रमाणे ज्यू व्हायचं असेल तर गियुरचा, म्हणजे धर्मांतराचा, रस्ता आहे. लांबचा आहे, अभ्यास मागतो, आणि कुठल्या पंथाच्या बेत दिनसमोर, म्हणजे रब्बींच्या न्यायमंडळासमोर, करतोस यावर तो कोण मानणार ते ठरतं, हे आधी विचारून घे. इस्रायलला लग्न करून राहायचं मनात असेल तर हा प्रश्न येणारच, तो टाळू नकोस. पण त्या मुलाला उत्तर म्हणून करू नकोस. रागातून घेतलेली डुबकी अंगावरच राहते. आईला सांगून कर. तिला वाटता कामा नये की तिचं काही पुसायला निघालायस.

आणि सध्या? ते जेवण सोडू नकोस. पुढच्या शुक्रवारी त्यांना तुझ्या खोलीवर बोलाव, त्या मुलालाही. काळ्या मनुका तिथं मिळतात, वाटीभर घे. गुरुवारी रात्री भिजत घाल, सकाळी कुस्कर, फडक्यातून गाळ. मुठीत पिळताना भिंतीपासून लांब उभा राहा.

तुझी,
ठाण्याची मावशी