'टाकाऊतून टिकाऊ' म्हणताना

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवून नेण्याच्या लाकडी चौकटीच्या, टाकाऊ फळ्यांचे जे स्टूल मांडीवर घेऊन तू रविवारी ऐरोलीहून बसने माझ्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यावर आलीस, ते अजून इथेच आहे. 'भंगाराचे एवढे पैसे?' असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावे, आणि आपण करतो ते सुतारकाम म्हणायचे की कला, असे तुझे दोन प्रश्न होते. तू गेल्यावर मी ते स्टूल समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून हलवून पाहिले, आणि ते किरकिरले.

पायाला जोडलेल्या आडव्या पट्टीच्या कापलेल्या टोकात तू नुसते खिळे मारले आहेस. तिथे खिळा लाकडाच्या रेषांना छेदून जात नाही, त्यांच्यामधून घुसतो, म्हणून तो नीट धरत नाही. त्यातून पॅलेटचे पाइन मऊ. 'टाकाऊतून टिकाऊ' असे आपण सगळेच म्हणतो, पण लक्ष सगळे टाकाऊकडे. टिकाऊचे काय? दोन्ही तुकड्यांची निम्मी-निम्मी जाडी काढून ते एकमेकांत बसव, फेविकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेव, आणि मग हवा तर स्क्रू मार. सामान जितके हलके, तितका सांधा पक्का हवा, हे मी तुला तोंडी तीनदा सांगितले होते. आता लिहून देतो.

तुझ्या फळ्यांची टोके फाटली आहेत, कारण तू पॅलेट पहारीने उचकटलेस. त्याचे खिळे बहुधा पिळाचे असतात, ते ओढून सहज निघत नाहीत. फळी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून खिळाच कापावा. त्याचे डोके फळीत राहिले तर राहू दे. न्हावाशेवा बंदरातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, तो आधी वाच. 'एचटी' म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवलेले लाकूड. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते फुकट मिळाले तरी घरात आणू नकोस.

सांधा पक्का हवा, हे मलाही एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितले होते, आणि मी ऐकले नव्हते. नौपाड्यातल्या एका घरी मी पॅलेटचा बाक करून दिला. पावसाळ्यात लाकूड फुगले, दिवाळीनंतर आकसले, खिळे सैल झाले, आणि एके दिवशी त्या घरातल्या आजी बाकासकट जमिनीवर आल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. मी पैसे परत द्यायला गेलो, तर त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. तो चहा माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

पुढे एका उपाहारगृहाने 12 दिवसांत 30 टेबले मागितली. "खिळे ठोकून द्या, खालून कोण बघतंय?" असे मालक म्हणाले, आणि मी नकार दिला. त्या वर्षी गाळ्याचे भाडे थकले, आणि त्याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींना आजही तोंडपाठ आहे. निदान दहा टेबले नीट करून देतो, असे तरी म्हणायचे होते, असे तिचे मत. (म्हणता आले असते, हे खरे.) तरीही मी बरोबरच होतो, त्या टेबलांवर लोक गरम चहा ठेवणार होते.

कलेबद्दल बोलताना तू चंदिगडच्या रॉक गार्डनचे फोटो दाखवलेस. रस्ते निरीक्षकाची सरकारी नोकरी सांभाळून नेकचंद यांनी ती बाग अनेक वर्षे गुपचूप उभारली, आणि 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तुला त्यांच्या पुतळ्यांवरच्या फुटक्या बांगड्या आणि कपबशांचे तुकडे दिसले. ते ज्याला चिकटले आहेत तो सिमेंटचा गाभा दिसला नाही. गाभाच कच्चा असता, तर एव्हाना त्या बांगड्यांचा पुन्हा कचरा झाला असता. तेव्हा तुझ्या कामाला कला म्हण, नाहीतर सुतारकाम म्हण, मला फरक पडत नाही. आधी ते किरकिरायचे थांबव. आणि भंगाराचे पैसे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालू नकोस, त्याला स्टूल हलवून बघायला सांग. आज मात्र तसे सांगू नकोस.

तुझे स्टूल मी उकलून ठेवले आहे. येत्या रविवारी सकाळीच ये, आणि येताना तुझा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे अवजार, आण; चारही पाय एकाच बाजूला कलले आहेत, त्यावरून तो काटकोनात नसावा असे दिसते.

तुझा,
काका