‘हा कशातच रमत नाही’: खेळणं आणण्याआधी मुलाकडे बघा

“घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी खेळणी आहेत, पण हा एकाही खेळण्यापाशी दोन मिनिटं बसत नाही. याचं लक्षच लागत नाही का हो?” लहान मुलांचे आईबाबा समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. त्यातल्या एका कुटुंबाचा अनुभव इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सव्वादोन वर्षांचा. आई घरून काम करणारी, बाबा कामानिमित्त सतत फिरतीवर. पहिल्या वेळी आई मुलाला घेऊन आल्या. घरात बटण दाबलं की अक्षरं आणि आकडे म्हणणारी पाटी होती, गाणारे प्राणी होते, दिवे लागणाऱ्या गाड्या होत्या. मुलगा यातली प्रत्येक वस्तू उचलायचा, बटण दाबायचा, फेकायचा आणि स्वयंपाकघरात पळायचा. तिथे चमचे डब्यात टाकायचे, डबा उपडा करायचा, परत टाकायचे. “आणि फेकाफेकीचं तर विचारूच नका. मॅडम, हे नॉर्मल आहे ना?”

खेळण्यांचा विषय काढण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतेच. नावाने हाक मारली की मूल वळून बघतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? काही नवीन सापडलं की तुम्हाला दाखवायला आणतं का? ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं का? आधी येत असलेले शब्द बोलायचं थांबलं आहे का? यातल्या एकाही बाबतीत शंका वाटली, तर खेळणी बदलून बघण्यात वेळ घालवू नये. बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यावी. या मुलाच्या बाबतीत काळजीसारखं काही नव्हतं. आम्ही बोलत होतो तेव्हा त्याने माझ्या ग्लासवरचं झाकण उचलून माझ्या हातात दिलं, काढून घेतलं, पुन्हा दिलं, आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघून हसला. लक्ष न लागणारं मूल असं करत नाही.

आईंना मी एकच काम दिलं. नवीन काही आणायचं नाही, असलेलं काही हलवायचं नाही. आठवडाभर तो आपणहून काय करतो ते वहीत लिहायचं. ‘खेळला नाही’, ‘त्रास दिला’ असं लिहायचं नाही. हातांनी नेमकं काय केलं तेवढंच.

वहीतल्या नोंदी अशा होत्या: बुटात मोजे कोंबले. पलंग आणि भिंतीच्या फटीत पुस्तकं सरकवली. कंगवा सोफ्याच्या गादीखाली घातला, हात घालून शोधला, परत घातला. उशांच्या ढिगावरून चेंडू सोडला, खाली जाऊन आणला, परत सोडला. चमचे डब्यात, डबा उपडा, चमचे डब्यात – पंचवीस मिनिटं.

ही शेवटची ओळ मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. ‘दोन मिनिटं बसत नाही’ म्हणून ज्याला आणलं होतं, तो एकाच कामात पंचवीस मिनिटं गढला होता. फक्त ते काम खेळण्यांच्या टोपलीतलं नव्हतं, म्हणून कुणी ते धरलंच नव्हतं.

दीड ते तीन वर्षांच्या मुलांचं हे काम फार गंभीर असतं. वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात जाते का, दिसेनाशी झाली तरी तिथेच असते का, सोडली की कुठे जाऊन पडते, हे ती तपासत असतात. एकच कृती वेगवेगळ्या वस्तूंवर करून बघण्याच्या या साच्याला पियाजे या मानसशास्त्रज्ञाने ‘स्कीमा’ म्हटलं होतं. या मुलाचे सध्या दोन ध्यास होते: फटीत घालणं आणि उंचावरून सोडणं. गाणाऱ्या प्राण्यात दोन्हींना वाव नव्हता. बटण दाबलं की प्राणी गातो, एवढं एकदा कळल्यावर मुलाने पुढे काय करायचं? खेळण्याच्या डब्यावर छापलेल्या वयापेक्षा मुलाच्या हातांना सध्या काय करावंसं वाटतंय, ते बघून खेळणं निवडावं असं माझं ठाम मत आहे.

मग आम्ही दोन खेळणी ठरवली, दोन्ही घरात करायची.

पहिलं खेळणं म्हणजे फटीचा खोका. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा आणि त्याच्या झाकणाला एक लांबट फट कापायची. फटीत टाकायला बरण्यांची मोठी झाकणं, सगळी एकाच मापाची. सगळी खुबी त्या फटीच्या मापात आहे. ती ऐसपैस झाली तर झाकण कसंही धरलं तरी आत पडतं आणि मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. फार अरुंद झाली तर ते चिडतं. म्हणून झाकण उभं धरून पुठ्ठ्यावर टेकवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, आणि चारी बाजूंनी एखादी मिलिमीटर मोकळीक ठेवून कापायचं. मग झाकण बरोबर वळवून धरलं तरच आत जातं. कापलेल्या कडांवर कापडी चिकटपट्टी लावायची. आणि खोक्याच्या एका बाजूला, अगदी तळाशी, मुलाचा हात सहज जाईल एवढं दार कापायचं. हे दार लोक विसरतात. ते नसलं की दर वेळी झाकणं काढून द्यायला आईला हाक मारावी लागते आणि खेळ तुटतो.

दुसरं खेळणं होतं पन्हळ. लांब खोका उभा चिरून केलेली पन्हळ पलंगाच्या कडेला तिरकी बांधायची आणि तिच्यावरून मोज्याचा चेंडू सोडायचा. जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट भरून मोठ्या माणसाच्या मुठीएवढा चेंडू करायचा, तोंड दुहेरी टाक्यांनी शिवायचं. बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये जर्मनीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या हाती द्यायच्या साहित्यात त्याने सगळ्यात आधी लोकरीचे मऊ चेंडूच ठेवले होते.

घरी खेळणं करताना एका बाबतीत मी फार काटेकोर आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुमारे 31.7 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी धरतात. पाण्याच्या बाटलीचं टोपण साधारण 30 मिलिमीटरचं असतं, म्हणजे ते यात बसतं. घरगुती खेळण्यांमध्ये अशी टोपणं सर्रास वापरली जातात. या वयाला ती नकोतच. घरच्या घरी तपासायचं तर टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या आणि तिच्यातून आरपार जाईल ती प्रत्येक वस्तू बाजूला काढा. मणी, बटणं, लांब दोऱ्या याच यादीत. आवाज करणाऱ्या छोट्या खेळण्यांत बटणसेल, म्हणजे बटणासारखी चपटी गोल बॅटरी, असतो का हेही बघा, आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे याची खात्री करा. गिळलेला बटणसेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

उरलेल्या खेळण्यांचं काय? अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोर 16 खेळणी असताना मुलं जशी खेळली, त्यापेक्षा चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्ही ठोकळे, बाहुली, चित्रांची पुस्तकं आणि ही दोन नवी खेळणी बाहेर ठेवली, बाकीची कपाटात. हे शिक्षा म्हणून करायचं नाही, आणि मूल एखादं खेळणं आठवून मागत असेल तर ते लगेच काढून द्यायचं. त्याने एक निळी गाडी मागितली, ती परत आली. बाकीच्यांची त्याला आठवणही झाली नाही.

पुढच्या भेटीला बाबा आले. त्यांचा प्रश्न रास्त होता. “पुठ्ठ्याच्या खोक्यातून हा शिकणार काय? शेजारची मुलगी याच वयात अक्षरं म्हणून दाखवते.” मी त्यांना आणखी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 10 ते 16 महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक घरी खेळताना काय बोलतात ते ध्वनिमुद्रित केलं होतं. बोलकी, दिवे लागणारी खेळणी असताना पालक कमी बोलले आणि बाळांचे आवाजही कमी झाले. पुस्तकं असताना बोलणं जास्त झालं. खेळणं बोलू लागलं की घरातली माणसं गप्प होतात. भाषा मात्र मुलाला माणसांकडून येते. अक्षरं ओळीने म्हणता येणं आणि वाचता येणं यांतही बरंच अंतर आहे. सव्वादोन वर्षांच्या मुलाने अक्षरं म्हटली नाहीत तर काहीही बिघडत नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी नसतो ना, म्हणून दर वेळी काहीतरी घेऊन येतो.” इतकं सरळ बोलणारे पालक मला फार जवळचे वाटतात. त्यांना मी सुचवलं की पन्हळ तुम्हीच बांधा, आणि दर वेळी परत आलात की तिचा उतार थोडा बदला. कधी चढा, कधी सपाट, कधी मध्ये एक वळण. चेंडू सोडायचं काम मुलाचं, ‘आता कुठे जाईल?’ हे विचारायचं काम तुमचं.

फेकणं पूर्ण थांबलं नाही, आणि तसं मी सांगितलंही नव्हतं. चेंडू फेकायचा, चमचा नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांनी सारख्या शब्दांत पाळला तेव्हा ते आटोक्यात आलं.

काही आठवड्यांनी आईंचा फोन आला. खोक्यात झाकणं टाकणं आता कमी झालं होतं. त्याने खोक्याचं झाकण काढलं होतं, बाहुलीला आत निजवलं होतं आणि तो ‘जो जो’ करत होता. “मॅडम, आता पुढचं खेळणं काय करू?” मी म्हटलं, एक जुना टॉवेल द्या, पांघरूण म्हणून, आणि एक रिकामी वाटी-चमचा. बाहुली उठल्यावर तिला भूक लागेल.