काटा रोज वेगळं वजन का दाखवतो?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ६८) हार्ट फेल्युअर आहे. घरी सोडताना रोज वजन लिहून ठेवायला सांगितलं. पण काटा कधी ६१ दाखवतो, कधी साडेबासष्ट. पायांवर सूज दिसत नाही. मग या आकड्यांवर विसंबायचं का?

उत्तर : विसंबायचं, पण आधी मोजण्याची पद्धत पक्की करा. काटा चटईवर नको, फरशीवर हवा आणि रोज त्याच जागी. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. आज नऊवारी, उद्या गाऊन असं झालं की बराचसा फरक तिथेच पडतो. भिंतीला हात टेकला तरी आकडा कमी येतो.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप कमी पडणं; त्यामुळे अंगात पाणी साठतं. असं साठलेलं एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. नडगीवर बोट दाबून खड्डा पडावा इतकी सूज यायला कित्येक लिटर साठावे लागतात, म्हणून काट्याला आधी कळतं. सूज उतरल्यानंतरचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि रोजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्यांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर तीच धरा. लघवीची गोळी मनाने वाढवू नका. उलट वजन उतरत चाललंय आणि उठताना चक्कर येतेय, तर तेही कळवा. गोळी जास्त होत असेल.

वजनाशेजारी रात्री धाप न लागता झोपायला किती उशा लागल्या तेही लिहा. हा आकडा लोक हमखास विसरतात. एकीच्या तीन झाल्या, किंवा धाप लागून झोपेतून उठून बसावं लागलं, तर वजन तेच असलं तरी डॉक्टरांना कळवायला थांबू नका. जेवण तुटलेल्या माणसाचं मांस झडतं, पाणी वाढतं आणि काटा जागचा हलत नाही.

वजन वाढलं की लोणचं, पापड, फरसाण आठवून पाहाच, पण गुडघ्यांसाठी परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही तपासा. या गोळ्यांमुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर ते धोक्याचं.

बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा गुलाबी फेसाळ कफ आला, तर वही बाजूला ठेवा. त्यांना आडवं न करता पाय खाली सोडून बसवा आणि १०८ला फोन लावा.