खाज थांबली, आता तेच जेवण कायम द्यायचं का? : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचा मोती साडेचार वर्षांचा आहे, वजन २० किलो, नसबंदी झालेली आहे. दीड वर्ष त्याचे कान सारखे पिकायचे, पुढचे पंजे चाटून चाटून पांढरे केस तपकिरी झाले होते, औषध दिलं की पंधरा दिवस बरं आणि मग परत तेच. शेवटी डॉक्टरांनी चिकनचं कोरडं खाणं बंद करायला लावलं आणि आम्ही काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं एवढंच द्यायला लागलो, कारण या दोन्ही गोष्टी त्याने आधी कधी खाल्ल्या नव्हत्या. नऊ आठवड्यांत खाज जवळजवळ गेली, रात्री कान फडफडवण्याचा आवाज बंद झाला. मग सांगितल्याप्रमाणे चिकन देऊन बघितलं तर तिसऱ्या दिवशी कान परत लाल. आता हेच जेवण कायम ठेवलं तर चालेल ना? मला वाटतं त्यात अजून काहीतरी घालायला हवं, नवरा म्हणतो कुत्रा मजेत आहे मग उगाच बदल कशाला.

उत्तर : ताई, आधी तुमचं आणि घरातल्या सगळ्यांचं मनापासून कौतुक. नऊ आठवडे दोनच पदार्थांवर टिकून राहणं किती अवघड असतं ते मी रोज बघतो, कोणीतरी हळूच बिस्किट देतंच. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही चिकन परत देऊन बघितलंत. खाज कमी झाली की बहुतेक लोक तिथेच थांबतात, मग ती जेवणामुळे गेली की ऋतू बदलला म्हणून, हे कधी कळतच नाही. फूड ॲलर्जी असलेल्या १० पैकी साधारण ९ कुत्र्यांना आठ आठवड्यांत फरक पडतो, आणि जुनं खाणं परत दिलं की बहुतेकांची खाज दोन आठवड्यांच्या आत उलटते. तुमच्याकडे ती तीन दिवसांत उलटली, म्हणजे आता अंदाज नाही, पक्कं उत्तर हातात आहे.

पण हेच जेवण कायम नाही चालणार, घरातल्या चर्चेत मी तुमच्या बाजूने आहे. मासा आणि रताळं हे नक्की काय सोसत नाही ते शोधायला होतं, तेवढ्या आठवड्यांपुरतं निरोगी मोठ्या कुत्र्याला चालून जातं, पण वर्षानुवर्षं जगायला ते पुरत नाही.

कॅल्शियमचंच बघा. मोतीला दिवसाला साधारण १०५० कॅलरी लागत असतील, आणि मोठ्या कुत्र्याला दर १००० कॅलरीमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळायला हवं. ४०० ग्रॅम बिनकाट्याचा मासा आणि ६०० ग्रॅम उकडलेलं रताळं एकत्र केलं तरी त्यात जेमतेम पाव ग्रॅम निघतं. उरलेलं शरीर कुठून आणणार? हाडांतून. आणि यातली फसवी गोष्ट अशी की रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मलच दिसतं, कारण हाडांतून काढून काढून शरीर रक्तातली पातळी राखत असतं, कुत्रा खेळतो, शेपूट हलवतो, सगळं छान चाललंय असं वाटतं. हे खूप दिवस चाललं की जबड्याचं हाड मऊ पडतं, दात बोटाने हलवले तर हलतात, आणि साध्या उडीतही हाड मोडू शकतं. ‘मजेत आहे’ हे आज खरं आहेच हो, पण त्यावरून हाडांचं काही कळत नाही.

कॅल्शियम हे एकच झालं. मासा कमी चरबीचा असेल तर लिनोलिक ॲसिड, म्हणजे त्वचेला आणि केसांना लागणारं चरबीतलं आम्ल, कमी पडतं आणि काही महिन्यांनी केस कोरडे होतात, कोंडा पडतो, मग आपल्याला वाटतं ॲलर्जीच परत आली. झिंक, तांबं, व्हिटॅमिन ई हेही अशा जेवणात बहुतेक वेळा अपुरं असतं, आणि व्हिटॅमिन डी तर कुत्र्याला उन्हातून पुरेसं बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. पुस्तकातली नाहीतर इंटरनेटवरची रेसिपी घेऊ म्हणाल तर तिथेही सांभाळून, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या तेव्हा ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आणि चार रेसिपी आलटून पालटून केल्या की भरून निघेल असंही नाही, कारण बऱ्याचदा चारही ठिकाणी कमी तीच असते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून, शक्य असेल तर पशुआहार तज्ज्ञाकडून, मोतीच्या वजनाप्रमाणे ग्रॅममध्ये लिहिलेली रेसिपी करून घ्या आणि किचनमधला वजनकाटा वापरा. ‘एक वाटी’, ‘थोडंसं तेल’ असं नको. तेल संपलं म्हणून दुसरं घातलं, हा मासा मिळाला नाही म्हणून तो घातला, असं केलं की हिशोब बिघडतो, आधी फोन करून विचारा. अंड्याच्या टरफलाची पावडर घालतात पुष्कळ जण, एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतंही, पण आतल्या पापुद्र्यात अंड्याचं प्रोटीन राहतं आणि मोतीला अंडं सोसतं का ते आपण अजून बघितलेलं नाही, त्यामुळे सध्या साधं कॅल्शियम कार्बोनेटच बरं, तेही रेसिपीत लिहिलं असेल तेवढंच.

आणि सगळं एकदम सुरू करू नका. एक गोष्ट घाला, दोन आठवडे कान आणि पंजे बघा, तारीख लिहून ठेवा, मग दुसरी. सप्लिमेंटच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘चिकन लिव्हर फ्लेवर’ असतं बघा, तिथे कित्येकांची महिन्यांची मेहनत वाया जाते. जंताची चघळायची गोळी, कुत्र्यांची टूथपेस्ट हेही तपासा. बदक आणि टर्की तूर्त लांबच ठेवा, ते कोंबडीचे जवळचे नातेवाईक आहेत. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि सहा महिन्यांनी एकदा दाखवून घ्या. हे सगळं रोज जमणार नसेल तर डॉक्टरांनी सुचवलेलं हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (म्हणजे ॲलर्जी होऊ नये म्हणून प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं) तयार खाणं द्या, त्यात सगळे घटक मोजून घातलेले असतात. घरी शिजवलं नाही म्हणजे प्रेम कमी, असं अजिबात मनात आणू नका.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या कुत्रीची रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली, त्यात ११ पदार्थ पॉझिटिव्ह आलेत. चिकन, मटण, अंडं, भात, बटाटा, गाजर सगळंच! आता शिजवू तरी काय?

उत्तर : तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल ते समजतंय. पण खरं सांगतो, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या टेस्टवर विसंबता येत नाही, अगदी ठणठणीत कुत्र्यांचेही पॉझिटिव्ह येतात. वर मोतीच्या आईने केलं तोच खात्रीचा रस्ता, कधीच न खाल्लेलं एक प्रोटीन, एक पिष्टमय पदार्थ, आठ आठवडे, आणि मग जुनं खाणं परत देऊन बघणं.

पहिलं काम म्हणजे तिने आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी करा, ताटातलं उरलेलंसुद्धा धरा. २०१६ मध्ये अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती, त्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधले होते. भात बराच खाली होता. त्यामुळे ‘सगळं बंद’ असं सहसा नसतंच, एकदोन गोष्टी असतात. आणि हे सुरू करायच्या आधी पिसवांचा बंदोबस्त नीट झालाय ना बघा. कमरेकडे, शेपटीच्या मुळाशी खाज जास्त असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्यायचा.

प्रश्न : पाच महिन्यांच्या लॅब्राडॉर पिल्लाला खाण्याने खाज येते असं वाटतंय, घरचं जेवण सुरू करू का? कॅल्शियमचं सिरप घरात आहेच.

उत्तर : स्वतःच्या अंदाजाने नका करू, प्लीज. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं तरी नुकसान आणि जास्त झालं तरी नुकसान, मोठ्या जातींना तर फारच, कारण या वयात जादाचं कॅल्शियम शोषून घेणं शरीराला नीट थांबवता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. सिरप बंद ठेवा, सध्याचं पिल्लांचं खाणं चालू ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. पिल्लांच्या खाजेमागे खरूज किंवा जंत असण्याची शक्यता खूप असते, त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.