हेल आणि हसू

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. वर्गात नवीन आलेल्या मुलीच्या घरची भाषा वेगळी. ती बोलली की सगळे तिच्या हेलाची नक्कल करतात, आमचीही हसते. बाई म्हणतात, ‘मी सगळ्यांना सारखंच वागवते.’ काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, सारखं वागवून भागत नाही. जिला प्रश्नच कळला नाही, तिला इतरांइतकाच वेळ देऊन काय उपयोग? आधी तिला प्रश्न नीट समजावून सांगायला हवा.

मी शिक्षिका होते. ‘हसू नका’ या उपदेशावर माझा फारसा भरवसा नाही. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकत्र बसवलं, तेव्हा तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी युक्ती केली. धड्याचे तुकडे पाडून गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. तो त्याने इतरांना समजवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. अडखळणाऱ्या मुलाला हसलं, तर त्याचा तुकडा कळणार नाही आणि मार्क आपलेच जाणार! हळूहळू मुलं नीट ऐकू लागली, त्याला प्रश्न विचारू लागली.

बाईंकडे तक्रार घेऊन जाऊ नका, एक धडा असा घेऊन बघाल का, एवढंच विचारा. आणि हो, घरात मोठी माणसं कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हशा पिकवतात का, तेही बघा. लेकीला रागावण्याआधी तिकडे लक्ष द्या.