वाचक विचारतात : खळ्यातला बँजो

प्रश्न : काका, नमस्कार. मी देवगड तालुक्यात राहते, घरची कलमांची बाग आहे. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रोनोक शहरात होतो. तिथं दर मंगळवारी दहा-बारा माणसं जमून अ‍ॅपलाचियन डोंगरातलं जुनं संगीत वाजवायची, 'ओल्ड-टाइम' म्हणतात ते. त्यांच्यात बसून मी पाच तारांचा बँजो शिकले, क्लॉहॅमर पद्धतीचा, म्हणजे तारांवर नख वरून खाली मारून वाजवायचा. परत येऊन तीन वर्षं झाली. मुलं झोपली की खळ्यात बसून एकटीच वाजवते. तिथल्या एका फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या मैत्रिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर वाजवून पाहिलं, पण दोघींचं एकत्र पडतच नाही. पंचवीसेक चाली येत होत्या, आता दहासुद्धा धड येत नाहीत. सासूबाई त्याला 'सुनेचं तुणतुणं' म्हणतात. विकून टाकू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बघू. त्या बरोबर म्हणतात. तुणतुण्याला खाली कातडं ताणलेलं असतं, वर एक तार, आणि ती तार सूर आणि ठेका दोन्ही धरून ठेवते. तुमच्या बँजोची आखूड पाचवी तार, जी पाचव्या पडद्यापाशी खुंटी मारून अर्ध्यातच थांबवलेली असते, ती दुसरं काय करते? अंगठ्यानं टिंग, टिंग, चाल कुठेही जाओ. सतारवाले तिला चिकारी म्हणतील. गोंधळ्यांच्या मागे उभा राहून तुणतुणं वाजवणाऱ्याला मात्र तुमची पाचवी तार बघताक्षणी समजेल.

आता माझी ओळख, म्हणजे सल्ला कुठल्या तोंडून येतोय ते कळेल. मी बोटीवर इंजिनवाला होतो. 1988 साली आमची बोट दुरुस्तीला तुमच्याच व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या गोदीत पाच आठवडे अडकली. तिथला एक क्रेनवाला जेवणाच्या सुट्टीत बँजो घेऊन बसायचा. त्यानं मला एकच गोष्ट शिकवली, तर्जनीचं नख वरून खाली तारेवर हाणायचं, मग तेच बोट सगळ्या तारांवरून फिरवायचं, आणि शेवटी अंगठ्यानं पाचवी सोडायची. डुं, छिक्-टिं. डुं, छिक्-टिं. तो अंगठा नखाबरोबरच पाचव्या तारेवर येऊन टेकलेला असतो, नंतर शोधत जायचं नाही. पाच आठवडे एवढंच. नंतर वेंगुर्ल्याला घरी येऊन पंधरा-वीस वर्षं मी एकटा वाजवत होतो आणि मला वाटायचं, काय छान वाजवतो आपण.

मग एका एकादशीला गावच्या भजनी मंडळात जाऊन बसलो. बुवा ओळखीचे, त्यांनी गजराला 'वाजवा' म्हणून खूण केली. दुसऱ्या आवर्तनाला झांज वाजवणारा पोरगा, नववीतला असेल, हसायला लागला. नंतर मला म्हणाला, "काका, तुमी पळतास." मी? मी पळतो? रागानं घरी येऊन फोनवर स्वतःचं वाजवणं मुद्रित केलं आणि दुसऱ्या दिवशी नारळ सोलता सोलता ऐकलं. पळत होतो. सोपा भाग आला की धावायचो आणि जिथं बोटं अडायची तिथं लय ताणून घ्यायचो. वीस वर्षं हे चाललं होतं आणि सांगायला कोणी नव्हतं.

तुमच्या पंचवीस चालींच्या दहा झाल्या ना, त्याचं मला फार वाटत नाही. चाली परत येतात. तुम्ही एकट्या बसून लय कशी धरता, ते आधी तपासा. रोनोकला तुमच्याबरोबर फिडलवाला होता. फिडल आणि बँजो ही तिथली जोडीच. तो तुमच्यासाठी थांबत नव्हता, म्हणून तुमची लय ताठ होती. तेव्हा बँजोवाले शोधत बसू नका, आपल्याकडे ते मिळायचे नाहीत. तुम्हाला लयीत अडवणारं माणूस पाहिजे, आणि ती माणसं कोकणात वाडीवाडीला आहेत.

व्हिडिओ कॉलचा नाद सोडाच. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. कॉलवर सेकंदाचा पाचवा हिस्सा जरी उशीर झाला, तरी तुमची मैत्रीण सुमारे सत्तर मीटरवर बसल्यासारखं झालं. बागेच्या दुसऱ्या टोकाला फिडलवाला बसवा आणि त्याच्याबरोबर वाजवून दाखवा! तुम्ही तिच्यासाठी थांबता, ती तुमच्यासाठी थांबते, आणि दोघी मिळून चाल झोपवता. त्यापेक्षा तिच्याकडून नुसतं फिडल मुद्रित करून मागवा. एकेक चाल पंधरा वेळा, न थांबता. तिथली बैठक आठवा. चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि हे सगळं पंधरा-वीस फेऱ्या, कोणीतरी पाय उचलून 'आता शेवट' सांगेपर्यंत. त्यात कोणी एकटं पुढे येऊन करामत दाखवत नाही. आपल्या गजराचंही असंच. एकच ओळ, सगळे मिळून, अंगात येईपर्यंत. ते मुद्रण फोनवर पाऊणपट वेगानं लावा, एका कानात ठेवा, दुसरा कान बँजोला. मुद्रण कोणासाठी थांबत नाही.

पण मुद्रण हसतही नाही. म्हणून माणसांकडे या.

भजनात बसायचं तर पट्टीचा प्रश्न येतो. पेटीवाले तुम्हाला काळी चार सांगतील, काळी एक सांगतील. घाबरू नका. तुमची नेहमीची जी-जुळणी म्हणजे पाचव्या तारेपासून सा प सा ग प, आणि तिचा सा पेटीवर पांढरी पाच. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे लांब चार तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की काळी चार. 'डबल सी' म्हणतात ती प सा प सा रे, तिचा सा पांढरी एक, कॅपो एकवर लावला की काळी एक. पाचवी तार अर्धा स्वर खुंटीनंच चढवा. त्याहून जास्त चढवायची तर तुटेल, तिथं सातव्या पडद्यापाशी छोटा आकडा ठोकून घेतात. (तिकडचे लोक त्यासाठी खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे खिळे वापरतात. मी घड्याळजीकडून पितळी करून घेतला.) आणि 'सॉमिल' जुळणी येत असेल, सा प सा म प, तर भजनाला तीच घ्या. तिच्यात मोकळ्या तारेवर गंधारच नाही, त्यामुळे बुवा कोमल गंधार घेवोत की शुद्ध, तुमची मोकळी तार मध्ये ओरडत नाही.

एक इशारा. तुमच्या त्या संगीतात काही चाली 'वाकड्या' असतात, मध्येच एखादी मात्रा जास्त किंवा कमी. त्या तिथंच ठेवा. मी एकदा हौसेनं एक वाकडी चाल पखवाजवाल्यासमोर काढली. तिसऱ्या फेरीला त्यानं हात थांबवले, पखवाज मांडीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चाल सोडून चहाला उठलो.

पण तुम्हाला खरं सांगू का, भजनापेक्षा जवळची जागा तुमच्या घरातच आहे. सासूबाई. तुम्ही रोनोकला शिकलात ते संगीत नाचाचं. पायांसाठी केलेलं. आणि आपल्याकडे गौरीच्या रात्री बायका कशावर नाचतात? फुगडीवर. कोणी शिकवत नाही, कोणी मोजत नाही, पण दोन बायकांचे हात एकमेकींत अडकले आणि गिरकी सुरू झाली की लय चुकणं परवडतच नाही. जी चुकेल ती पडेल. भाद्रपदाला वेळ असेल तर आत्ताच एका संध्याकाळी सासूबाईंना खळ्यात बसवा, हातात टाळ द्या, आणि म्हणा, तुमची फुगडीची गाणी म्हणा, मी मागून वाजवते. चाल पकडायच्या मागे लागू नका. पहिले आठ दिवस फक्त सा आणि प, डुं छिक्-टिं, त्यांच्या पायाकडे बघत. त्या पाय कधी टेकतात तिथं तुमचं नख पडलं पाहिजे. नख आधी पडलं तर त्या तोंडावर सांगतील, आणि झांज वाजवणाऱ्या पोरापेक्षा कडक शब्दांत सांगतील.

महिनाभरानं तुमची एक अमेरिकन चाल त्याच लयीत काढा आणि त्यांना टाळ चालू ठेवायला सांगा. मग कळवा मला.

विकण्याचं म्हणाल तर केंटकी-व्हर्जिनियाच्या सीमेवरचा डॉक बॉग्ज आठवा. खाणकामगार. 1927 साली न्यूयॉर्कला जाऊन त्यानं तबकड्या केल्या, पुढे खाणीतलं पोट आणि घरच्यांचा धर्म आडवा आला, बँजो बाजूला पडला तो जवळजवळ पंचवीस वर्षं. 1963 मध्ये जुनं लोकसंगीत गोळा करणारा माइक सीगर त्याला शोधत गेला तेव्हा तो पुन्हा वाजवायला लागला होता. तुमची तर तीनच वर्षं झाली आहेत, तीही रोज वाजवून.

प्रश्न : आमची लांज्याला बेंजो पार्टी आहे. मी स्वतः बेंजो वाजवतो. तुम्ही मागे बँजोचा फोटो छापला होता तो बघून आमच्यातला एक म्हणाला, "ह्येची बटणा खंय?" हे दोन्ही एकच का?
— बेंजोवाला, लांजा

उत्तर : नाव एक, घराणी दोन. तुमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानात. 1912 साली नागोयाला गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, टाइपरायटरसारख्या कळा दाबून तार वाजवायची. ते आपल्याकडे आलं, आणि आपण त्याला वीज जोडून ट्रकवर चढवलं. शेवटचं काम आपलंच, आणि मला त्याचा अभिमान आहे.

देवगडच्या ताईंचा बँजो आफ्रिकेतून गेला. गुलाम करून नेलेल्या लोकांनी भोपळा, कातडं आणि तारा यांचं वाद्य कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पुन्हा उभं केलं. सेनेगल-गांबियातले जोला लोक आजही अकोंटिंग वाजवतात. त्यालाही भोपळा, कातडं, अंगठ्याची आखूड तार आहे, आणि नख वरून खालीच मारतात. नॉरफोकच्या क्रेनवाल्यानं मला शिकवलेला फटका तोच. पुढे गोऱ्यांनी चेहरे काळे करून त्याच वाद्यावर त्याच लोकांची टवाळी केली, हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे.

बटणं मात्र नाहीत. तुमच्या दोस्ताला सांगा, बटणं डाव्या हाताच्या बोटांना आहेत. आणि देवगड तुम्हाला लांब नाही. गणपती उरकले की ढोलकीवाला घेऊन एकदा त्यांच्याकडे जा, बेंजोचा आवाज मात्र कमी ठेवा.

प्रश्न : बोकडाच्या कातड्याचा जुना बँजो हाती आला आहे. पावसात ढप-ढप वाजतो. काय करू?
— हर्णै

उत्तर : पावसाळ्यात काहीही करू नका. जून ते सप्टेंबर कातडं हवेतलं पाणी पिऊन सैल पडतं, आणि आपला हात शिवशिवतो कडेचे नट आवळायला. मी 2006 च्या जुलैत आवळले, चांगले अर्धा-अर्धा फेरा. बँजो श्रावणभर टणटणीत वाजला. डिसेंबरात एका कोरड्या रात्री दोन वाजता 'फाट्' असा आवाज आला. मला वाटलं कौलावर नारळ पडला. टॉर्च घेऊन अंगण फिरलो, नारळ नाही. सकाळी पेटी उघडली तर कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पावसाळाभर नट सैलच राहू द्या आणि ढप-ढप ऐका, त्या आवाजातही वाजवता येतं. किंवा कातड्याऐवजी सरळ प्लॅस्टिकचं पान लावा, त्याला दमट-कोरडं समजत नाही. समुद्रकाठी खरा शत्रू गंज. वाजवून झाल्यावर तारा आणि धातूची कडी कोरड्या फडक्यानं पुसा, मशीन ऑइलचा एक थेंब फडक्यावर चालेल, कातड्यावर नाही. नायलॉनसारख्या तारा लावल्या तर निम्मा त्रास जातो, आवाज जरा मऊ होतो एवढंच. आणि ते पुसायचं फडकं नंतर कातडं आणि मागच्या दांड्याच्या मध्ये कोंबा. रात्री वाजवलंत तर शेजारी उठणार नाहीत.