२०१५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटांपैकी तुमचे सर्वांत आवडते कोणते, आणि का?

माझी यादी तीन नावांची आहे : ‘कोर्ट’, ‘किल्ला’ आणि ‘मसान’. ‘कट्यार काळजात घुसली’ तिच्यात नाही आणि त्यावरून माझा व माझ्या साडूंचा वाद आजतागायत मिटलेला नाही. त्यामुळे आपल्या प्रश्नातल्या ‘का’चे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी ३१ वर्षे न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या बोलीत सांगतो, न्यायाधीश त्यातले कामाचे तेवढे उचलून इंग्रजीत सांगतात आणि लघुलेखक ते उतरवून घेतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा आत उतरण्यापूर्वी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे, असे ती सांगते, कारण झुरळ जिवंत असेल तर आत हवा असते. हे सांगताना ती रडत नाही, कॅमेराही तिच्या डोळ्यांजवळ जात नाही, आणि तिचे शब्द न्यायाधीशांच्या तोंडून कागदावर जातात. ते दृश्य पाहताना मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका बाईची साक्ष मी घेतली होती. जखमी मुलाला रात्री बैलगाडीतून दवाखान्यात कसे नेले, वाटेत त्याने दोनदा पाणी कसे मागितले आणि डोक्याला मार असल्यामुळे ते द्यावे की नाही हे तिला कसे कळेना, हे ती वीस मिनिटे सांगत होती. कागदावर दोन वाक्ये आली : मुलास दवाखान्यात नेले, तेथे तो मयत झाला. शेवटी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ याखाली अंगठा देताना तिने न्यायाधीशांना नव्हे, मला विचारले, “भाऊ, पाण्याचं लिहिलंत ना?” मी मान हलवली. न्यायाधीशांचे काही चुकले असे मी म्हणत नाही, कारण खटल्याच्या दृष्टीने पाण्याला काही महत्त्व नव्हते. परंतु ती मान मी हलवली होती, आणि ते मला चित्रपटगृहाच्या अंधारात इतक्या वर्षांनी आठवले.

साडू त्या दिवशी शेजारीच बसले होते. मराठी चित्रपटांना ‘प्राइम टाइम’ देण्यावरून त्याच महिन्यात मोठा गदारोळ झाला होता आणि दुपारी १२ ते रात्री ९ हा सगळाच काळ ‘प्राइम टाइम’ ठरला होता, त्यामुळे आमच्या वाट्याला आलेला भर उन्हातला अडीचचा खेळ नियमात चपखल बसत होता. प्रेक्षक जेमतेम पंधरा असतील. न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडद्यावर अंधार होतो, तिथे साडू उठले, “संपलं एकदाचं,” असे म्हणून चालू लागले. मी बाही ओढली, ती त्यांनी सोडवून घेतली. त्या अंधारानंतर न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला जातात, तो भाग त्यांनी पाहिलेलाच नाही. ‘कोर्ट’ला शेवट नाही, हे त्यांचे मत मात्र ते प्रत्येक लग्नकार्यात पंगतीत बसून सांगतात.

‘कट्यार’बद्दल माझा आक्षेप एवढाच आहे की, चित्रपट आपल्याला काय वाटायला हवे ते आधीच ठरवून टाकतो. गवई खाँसाहेबांचा प्रतिस्पर्ध्याविषयीचा मत्सर डोळ्यांतून, भुवयांतून आणि पार्श्वसंगीतातून एकाच वेळी दाखवला जातो. राहुल देशपांडे आणि महेश काळे यांच्या गाण्याबद्दल मला बोलायचे नाही; ते गाणे ऐकायला मी पुन्हा तिकीट काढीन. साडूंनी वसंतराव देशपांडे यांना मूळ नाटकात रंगमंचावर खाँसाहेब करताना ऐकले आहे. त्यामुळे त्यांना चित्रपटातही ते नाटकच ऐकू येते, असा माझा संशय आहे.

उरलेल्या दोघांविषयी थोडक्यात लिहितो. ‘किल्ला’चे दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही अविनाश अरुण यांचे आहे, आणि कोकणातला पाऊस इतका ओला मी दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर पाहिलेला नाही. बदलीच्या नोकरीत मुलांची होणारी परवड मी घरात पाहिली असल्यामुळे मित्रांनी किल्ल्यात एकटा टाकलेला चिन्मय मला परका वाटला नाही. नीरज घायवान यांच्या ‘मसान’मध्ये प्रेते जाळण्याचे काम करणाऱ्या डोम कुटुंबातल्या मुलाला एका मृत हातावरची अंगठी ओळखू येते. तेवढ्या एका क्षणासाठी तो चित्रपट माझ्या यादीत आहे.

आपण ‘कोर्ट’ पाहणार असाल तर एकट्याने पाहा आणि दिवे मालवले तरी उठू नका. खटल्यातले आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते, नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते होते, हे आधी ठाऊक असलेले बरे. २०२१ साली कोरोनाने त्यांचे निधन झाले.

गेल्या दिवाळीत मी साडूंना तो न पाहिलेला शेवट सांगितला : न्यायाधीश बाकावर बसल्या बसल्या झोपी जातात, पोरे ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. साडूंनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “म्हणजे शेवटी तेही झोपतात. मग मी उठून गेलो तर तुम्हाला एवढा राग कशाचा?”

एक सांगायचे राहिले. त्या वर्षीचा ‘हायवे’ मी स्वतः मध्यंतरात सोडून आलो होतो, म्हणून त्याच्याविषयी मी काही लिहिलेले नाही. साडूंना हे माहीत नाही.